त्रिंकोमालीचे नऊ तास

तो माझ्याकडे झेरॉक्स काढायला आला होता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याची लाइट गेलेली, माझ्याकडे इन्व्हर्टर, म्हणून कोणीतरी त्याला माझं दार दाखवलं. एप्रिलची दुपार. वर्ध्यात, सिंदी मेघेच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि हा डोक्या-तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून दारात उभा. नुसते डोळे दिसत होते. ते डोळे माझ्याकडे बघत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. ते माझ्या मागच्या भिंतीवरच्या जहाजाच्या पोस्टरकडे बघत होते.

"हे जहाज... कुठं जाते, ताई?"

"तुम्ही म्हणाल तिथं, भाऊ."

सुरुवातच अशी झाली. तो मला ताई म्हणाला, मी त्याला भाऊ. आमच्याकडे त्याला काही अर्थ नसतो; इथे रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सगळे भाऊच. तरी पुढे ही दोन नाती सोडवताना आमच्या नाकी नऊ आले.

त्यानं दुपट्टा सोडला. उन्हानं लाल झालेलं नाक, कानामागे खोचलेलं निळं पेन, आणि पेन तिथे आहे हे विसरून खिशात पेन शोधणारा हात. मला हसू आलं. मी ते लपवलं नाही.

"कानामागे आहे."

"काय?... अरे हौ!"

बाबांचं कापडाचं दुकान आहे. त्याला मागून प्लायवूडचा आडोसा घातला की जे उरतं, ते माझं ऑफिस. सहा वर्षं झाली. आधी रेल्वेची तिकिटं, मग विमानाची, आणि आता वर्ध्यातली माणसं मी बिनधास्त समुद्रावर पाठवते. स्वतः मी बोर धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नाही. त्यानं काय बिघडलं? मी ज्यांना पाठवलं त्यांतल्या एकाचीही गाडी, विमान किंवा जहाज आजवर सुटलेलं नव्हतं, आणि हे मी येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगत असे.

झेरॉक्स दोन पासपोर्टांची होती. त्याच्या आईवडिलांच्या. श्रावणकाका पुलगावच्या दारूगोळा डेपोतून रिटायर झालेले, भागीरथाकाकू घर आणि विहारातला महिला मंडळाचा कारभार सांभाळणाऱ्या. हा त्यांचा मुलगा अनुप, सेवाग्रामच्या दवाखान्यात रक्तपेढीत टेक्निशियन.

"आईले श्रीलंकेत अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाह्यचा आहे," तो म्हणाला. "अशोकाच्या मुलीनं इथून फांदी नेली होती ना, ते झाड. लहान होतो तवापासून ऐकून राह्यलो. पासपोर्ट काढून दोन वर्षं झाले. पण ते विमानात बसत नाई."

"का?"

"ते म्हणते, पाय जमिनीवर नसले तं पाण्यावर चालतीन, हवेत नाई."

मी खुर्ची पुढे ओढली. असं गिऱ्हाईक मला फार आवडतं.

"मग तुम्ही बरोबर ठिकाणी आलात. चेन्नईहून जहाज निघतं. चौथ्या दिवशी त्रिंकोमालीला लागतं. सकाळी आठला लोकांना उतरवतात, संध्याकाळी पाचला जहाज निघतं. नऊ तास. अनुराधापूर तिथून शंभर किलोमीटर."

"म्हणजे जहाजवाले घेऊन जातीन?"

"नाही. जहाजवाले देऊळ आणि समुद्रकिनारा दाखवून आणतात. अनुराधापूर आपलं आपण. आणि आता नीट ऐका, भाऊ. जहाजाच्या बसनं गेलात आणि बसला उशीर झाला, तर जहाज थांबतं. स्वतःच्या गाडीनं गेलात आणि उशीर झाला, तर नाही थांबत. चार वाजता जहाजात परत म्हणजे चार. आपल्याकडे गाडीच उशिरा येते, त्यामुळे आपल्याला सवय नसते."

"मग कसं करता?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

जूनमध्ये तीन फेऱ्या होत्या. त्यानं एकीवर बोट ठेवलं. "ही. आईले ही आवडन." मी का ते विचारलं नाही. माझ्या कॅलेंडरवर त्रिंकोमालीच्या दिवसाच्या चौकोनात वडाचं चित्र होतं, वटपौर्णिमा. आई आणि वहिनी दुपारपर्यंत वडापाशी, बाबा पुढे दुकानात, म्हणजे मला निवांत फोन करता येतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

त्यानंतर तो ड्युटी संपली की येऊ लागला. साडेपाचला स्कूटरचा आवाज, मग कूलरसमोर दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहणं, मग माझ्यासमोरची खुर्ची. हाताला स्पिरिटचा वास. आम्ही नकाशावर बंदरातून बाहेर पडायचो, रस्त्यावरचं एकेक गाव पार करायचो. निमल नावाचा एक ड्रायव्हर मी शोधला होता. तीन आठवडे त्याच्याशी मेसेजवर बोलून त्याची गाडी, टायर, वय, सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, तुमचे पाहुणे येतात तो फार चांगला दिवस आहे. मला वाटलं, माणूस गोड बोलतो.

"इतकं विचारता तुम्ही?" अनुप एकदा म्हणाला. "लग्नाचं स्थळ पाहून राह्यल्यासारखं."

"स्थळ पाहताना मी इतकं विचारत नाही."

"मग काय विचारता?"

"रक्तगट," मी म्हटलं आणि कीबोर्डकडे बघितलं.

तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "ओ निगेटिव्ह. कोणालेही चालतो."

"मी एबी पॉझिटिव्ह."

"म्हणजे तुम्हाले कोणीही चालते?"

"रक्त कोणाचंही चालतं. बाकी मी फार निवडक आहे... भाऊ."

"ते भाऊ काढा ना आता," तो म्हणाला. कानाच्या पाळ्या नाकापेक्षा लाल. "मी ताई म्हणणं कवाच सोडलं."

खरंच सोडलं होतं. तो मला काहीच म्हणत नव्हता. नुसतं "ऐका ना" म्हणायचा, आणि ते ऐकायला मी पाचपासूनच तयार बसलेली असायचे.

मे महिन्यात आम्ही रंगीत तालीम केली. अनुराधापूरला अनवाणी चालायचं असतं आणि काकूंचा गुडघा कुरकुरतो, तेव्हा त्या किती वेळात किती चालतात हे मला कळायला हवं होतं. म्हणून सकाळी सातला आम्ही चौघं गीताई मंदिराजवळच्या स्तूपावर गेलो. श्रावणकाका डेपोतल्या शिस्तीनं पुढे, काकू मागे, आणि मी घड्याळ घेऊन बाजूला.

"पोरी, तू तं मले पळवतच राह्यली," काकू धापा टाकत म्हणाल्या.

"बारा मिनिटं, काकू. मी वीस धरलीत."

त्या पायरीवर बसल्या, मला शेजारी बसवलं, आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला पदर नसताना पदर सावरावासा वाटला. "तू कवा जाशीन फिरायले? लोकायलेच पाठवशीन का जलमभर?" मी घड्याळ पर्समध्ये टाकलं. अनुप समोर उभा राहून चपलेनं माती उकरत होता.

मी त्यांना एक कागद दिला. पासपोर्ट सोबत, दोन दिवसांचं औषध सोबत, निमलचा नंबर, बंदरावरच्या एजंटचा नंबर, माझा नंबर. एका दिवसासाठी उतरायला जहाजाच्या कागदावरही चाललं असतं, तरी व्हिसा मी पूर्ण महिन्याचा काढला होता. वेळा सगळ्या मोठ्या अक्षरात. निघणे सव्वाआठ. पोचणे साडेदहा. परत फिरणे एक. एक म्हणजे एक.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं सेवाग्राम स्टेशनावरून चेन्नईच्या गाडीत बसली. अनुपला रजा मिळाली नव्हती. गाडी हलल्यावर तो बराच वेळ रुळांकडे बघत उभा राहिला.

"ते दोघं एकट्यानं नागपूरच्या पलीकडे कधी गेलते नाई," तो म्हणाला.

"मी आहे ना," मी पुन्हा म्हटलं. ह्या वेळी त्यानं माझ्या दंडाला हलकेच हात लावला. एवढंच. घरी येईपर्यंत दंड माझा मलाच कळत होता.

तो दिवस उजाडला. अनुप दिवसभराची सुट्टी टाकून दहालाच आला. समोर फोन उभा करून ठेवलेला, त्यावर नकाशात काका-काकूंची गाडी, एक निळा ठिपका. साडेदहाला ठिपका अनुराधापूरला असायला हवा होता. तो निम्म्या वाटेत होता. आणि थांबलेला.

मी फोन लावला. काका ओरडूनच बोलत होते, मागे ढोल, गाणी, भोंगे.

"अवं पोरी, काय सांगू तुले! पांढरे कपडे घालून लाखानं लोक चालले. दर दोन किलोमीटरवर गाडी अडवते अन् खाऊ घालते! भात दिला, सरबत दिलं, नाई म्हणूच देत नाई. आपल्या दीक्षाभूमीसारखं आहे सगळं!"

मी फोन ठेवला. खिडकीतून समोरचा वड दिसत होता. बायका सूत घेऊन फेऱ्या मारत होत्या. अनुपही तिकडेच बघत होता.

"पौर्णिमा ना आज," तो म्हणाला. "म्हणून तं आईसाठी हेच तारीख धरली."

"पौर्णिमेचं तिथे काय?"

"काय म्हणजे? ह्याच पौर्णिमेले अशोकाचे पुत्र महेंद्र धम्म घेऊन तिथं पोचले. तिथला सगळ्यात मोठा—" तो थांबला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मले वाटलं तुम्हाले माहीत असन. तुम्ही टायर बी विचारता!"

"अरे, मले कसं माहीत असन? मह्या घरी आज वडाले फेऱ्या मारते!" चिडले की माझी ऑफिसची मराठी गळून पडते. "अन् तारीख काऊन पाह्यजे हे मी तुले विचारलं नाई, कारण मले लाज वाटली. वाटलं, हे बी हिले माहीत नाई, असं म्हणशीन."

"अन् मी सांगितलं नाई," तो हळूच म्हणाला, "कारण वाटलं, मी आपलं धम्माचं सांगत बसलो तं तुम्हाले कंटाळा येईन..."

दोन महिने समोरासमोर बसून आम्ही जगातलं सगळं बोललो होतो, हे एवढं सोडून. चूक माझी होती, आणि मला ती मनापासून लागली. पण रडत बसायला वेळ नव्हता.

पावणेबाराला ते पोचले. गाडी दोन किलोमीटर अलीकडेच अडवली. मग चालणं, मग रांग. साडेबाराला काकांचा फोन आला: रांगेतला माणूस सांगतो, अजून दीड तास. मी कागदावर आकडे मांडले, पुन्हा मांडले. परतीच्या रस्त्याला गर्दी जरा कमी, तरी गाडीपर्यंतचं चालणं होतंच. जहाज गाठायचं तर आत्ता, ह्या मिनिटाला मागे फिरायला हवं होतं.

"फिरव त्यायले," अनुप उभा राहिला. मला तू म्हणाला हे त्याच्याही लक्षात आलं नाही. "जहाज सुटलं तं विमानाशिवाय रस्ता नाई. आई विमानात बसणार नाई. तिथं अडकून राह्यतीन दोघं. पुन्हा पाहू झाडाचं."

काकाही फोनवर तेच म्हणत होते. "फिरतो आम्ही, पोरी. एवढं पाह्यलं, खूप झालं."

माझा रेकॉर्ड शाबूत राहत होता. एक शब्द म्हटला असता की झालं. पण त्या पायरीवर बसलेल्या काकू माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

"काका, काकूंना फोन द्या."

"अवं, तिचं काय—"

"द्या तुम्ही."

बराच वेळ नुसता गोंगाट. मग काकूंचा आवाज, अगदी साधा. "बोल, बाई."

"काकू, आत्ता फिरलात तर जहाज मिळतं. रांगेत थांबलात तर जहाज जातं, आणि मग विमानानंच यावं लागेल. बाकी सगळं मी करते. राहायचं, खायचं, तिकीट, सगळं. तुम्ही फक्त सांगा, तुम्हाला काय पाहिजे?"

अनुप माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मी हात वर करून त्याला थांबवलं.

"मह्या पुढं साठ-सत्तर बाया असतीन," काकू म्हणाल्या. "कापूस पांघरल्यावाणी पांढऱ्या. झाडाचा शेंडा दिसून राह्यला इथून." मग रांग सरकल्याचा गलका. "मले पाह्यचं आहे, पोरी. विमानाचं पाहून घेऊ."

"मग थांबा," मी म्हटलं. "जहाज जाऊ द्या."

फोन ठेवला. अनुपचा चेहरा उतरला होता.

"तू कोण ठरवणारी?"

"मी नाई ठरवलं. त्यायनं ठरवलं. तू अन् काका इतक्या वर्षांत त्यायले विचारलं कधी?"

हे जरा जास्तच झालं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, आता हा दार उघडून निघून जाईल, आणि गेला तर मी त्याला बोलावणार नव्हते, कारण मी बरोबर होते. पण नजर दाराच्या कडीवरून हलत नव्हती.

तो वळला. कानामागचं पेन काढलं. "सांग. काय लिहू?"

मग आम्ही कामाला लागलो. बंदरावरच्या एजंटला सांगितलं, दोन माणसं परत येत नाहीत, त्यांच्या चार बॅगा चेन्नईला उतरवून ठेवा. अनुराधापूरला सणामुळे एकही खोली नव्हती. निमलच्या बहिणीनं घरी बोलावलं, दोन तासांत तिथे अंथरुणंसुद्धा घालून झाली. उद्या दुपारी गाडीनं कोलंबो, संध्याकाळी चेन्नईचं विमान, परवा सकाळी नागपूर. मी बोलत होते, अनुप लिहीत होता, आणि मी थकले की न सांगता पाण्याचा ग्लास पुढे सरकवत होता.

दोन वाजून वीस मिनिटांनी काकांनी व्हिडिओ लावला. सोन्याचं कुंपण, त्यावर टेकवलेली एक वाकलेली फांदी, आणि खाली अनवाणी उभ्या भागीरथाकाकू. हात जोडलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. कॅमेराही हलत होता. कडक शिस्तीचे श्रावणकाका तिकडे रडत होते. अनुपनं दुपट्ट्यात तोंड लपवलं. मी माझं तोंड कुठे लपवू, मला कळेना.

पाचला आम्ही दोघंही घड्याळाकडे बघत होतो.

"सुटलं," तो म्हणाला.

"सुटलं."

"सहा वर्षांत पहिलं. वाईट वाटून राह्यलं?"

मी विचार केला. खरंच केला. "नाई," मी म्हटलं. आणि मग, जीभ धीट होती तोवरच, "तू मले आवडतो, अनुप. बरेच दिवस झाले. मी हे नीट ठरवून, चांगल्या जागी सांगणार होते. पण आज माझं ठरवलेलं काही होत नाही, तर हेही होऊन जाऊ दे."

कूलरचं पाणी संपल्याचा आवाज आला; त्यानं उठून तो बंद केला.

"मी तं दुसऱ्या दिवशी पुन्हा झेरॉक्सले आलतो ना," तो म्हणाला, "तवा मह्यापाशी झेरॉक्स करायले कागदच नव्हता." आणि हसला. हसता हसता पुन्हा गंभीर झाला. "पण तुहे बाबा? आमचं घर, तुमचं घर... तुले माहीत आहे, मी काय म्हणून राह्यलो."

"माहीत आहे. बाबांचं मी बघते. तू आईले विमानात बसव. दोन्ही कामं सारखीच अवघड आहेत."

त्यानं माझा हात धरला. स्पिरिटचा वास होता, शाईचे डाग होते. थोडी शाई माझ्याही बोटांना लागली.

तो गेल्यावर मी पुढे दुकानात आले. बाबा, म्हणजे सदाशिवराव, गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होते. मधला आडोसा प्लायवूडचा. सकाळपासूनचा प्रत्येक शब्द त्यांनी ऐकलेला असणार, हे त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं. मी सगळी वाक्यं जुळवून आले होते, एकही आठवेना.

"बाबा, तो मुलगा—"

"ऐकलं."

त्यांनी एक घडी घातली. मोडली. परत घातली.

"त्या बाई पोचल्या का झाडापाशी?"

"पोचल्या."

"विमानात बसतीन?"

"अनुप बोलून राह्यला त्यायच्याशी."

बाबांनी साडी बाजूला ठेवली. गिऱ्हाइकासमोरही ते कधी इतके अवघडलेले दिसत नाहीत. "मले हे सोपं नाई, रीता," ते म्हणाले. "तुह्या आईले त्याहून नाई. हे मी तुले खोटं सांगणार नाई."

"नका सांगू."

मी तिथेच उभी राहिले. रडले नाही, आणि मागेही गेले नाही. बाहेर उशिरा वडाला गेलेल्या बायकांचा घोळका परतताना दुकानावरून गेला. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले, ते सगळे जाईपर्यंत.

"परवा नागपूरले आणायले कोण जाते त्यायले?"

"अनुप."

"स्कूटरवर?"

"गाडी बघतो आहे कोणाची तरी."

"आपली घेऊन जा." त्यांनी गल्ल्यातून किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. "त्यायचं सामान किती?"

"काहीच नाही, बाबा. चारही बॅगा जहाजावर राहिल्या."

"म्हणजे तू, तो, अन् ते दोघं." बाबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. बराच वेळ पुसला. "मग एक जागा उरते गाडीत. मी बी येतो."